माप लागायचंय अजून

माझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडे बंदूक आहे हे कळलं तेव्हा आटगावातल्या मित्रांनी माझी यथेच्छ टिंगल केली. "नीट वाग रे बाबा, नाहीतर अक्षतांऐवजी छर्रे पडतील," असं एक जण म्हणाला. त्या बिचाऱ्यांना काय माहीत! त्या बंदुकीपासून कोणाच्याही जिवाला काडीचा धोका नव्हता. रानडुकरांनासुद्धा नव्हता. धोका होता तो त्या बंदुकीत दारू किती घालायची या प्रश्नापासून. त्या एका प्रश्नानं माझं लग्न दोन पावसाळे अडवून धरलं, माझ्या मामांना कायमचं रुसवलं आणि माझं डोकं असं काही उठवलं की अजूनही कोणी सहज 'माप' म्हटलं तरी माझ्या कपाळावर आठी पडते.

गाव सिद्धगडाच्या पायथ्याला. मुरबाडहून जीप, आणि जीप जिथं थांबते तिथून पुढं पाय. घरची भातशेती, डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर थोडी नाचणी-वरई, आणि पीक तयार व्हायच्या सुमारास जंगलातून उतरणारी डुकरं. पीक राखायचा परवाना सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरात होता आणि त्याच्याबरोबर आलेली ती ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची, गजानं ठासायची आणि मग बार काढायचा, असा सगळा कारभार.

आसपासच्या गावांत पूर्वी ठासणीच्या बंदुका होत्या त्या जाडजूड. त्यांत मूठभर छर्रे ओतले की काम झालं. ही तशी नव्हती. ही अंगानं हलकी, एका हातानं सहज उचलावी अशी. नळी इतकी बारीक की तोंडात जेमतेम करंगळी जाईल. सासूबाई तिला 'काटकी' म्हणायच्या. पण काटकीच्या नळीत आतून गोल फिरत गेलेले आटे पाडलेले होते, आणि सासऱ्यांचा सगळा अभिमान त्या आट्यांत अडकलेला होता.

"आटे हायत हिला," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "आटे म्हंजे काय, गोळी फिरत जाते. फिरत गेली का सरळ जाते. पण हिला मापात द्यावं लागतं. जास्त दिली तं गोळी आट्यांवरनं घसरते, कमी दिली तं मधीच टाकून देते. हलकं जनावर हाय. हिला सोसंल तेवढंच द्यायचं."

हे 'सोसंल तेवढं' म्हणजे नक्की किती, याचा शोध ते माझी बायको जन्मायच्या आधीपासून घेत होते.

शोधाची पद्धत अशी. परवान्यावर कल्याणच्या दुकानातून जी थोडीफार दारू मिळायची ती एका पितळी डबीत. बांबूच्या पेरांची लहानमोठी मापं त्यांनी स्वतः तासून केलेली, आणि प्रत्येक मापाला नाव. एकाचं नाव 'मोठी वहिनी', कारण त्या मापानं दणका असा बसायचा की खांदा आठवडाभर बोलायचा. एकाचं 'तलाठी', कारण धूर फार आणि काम काही नाही. 'सरपंच' नावाच्या मापाचा आवाज डोंगरापर्यंत जाई, पण गोळी कुठं गेली ते कधीच कोणाला कळत नसे. दारूवर नारळाच्या शेंडीचा छोटा बोळा. त्यावर तेलात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी. शेंडी मधे नसली तर दारूच्या जाळानं चिंधी जळते आणि गोळी वाकडी जाते, हा त्यांचा सिद्धांत, आणि तो खरा असावा, कारण त्या घरात खरं ठरलेलं तेवढं एकच होतं.

शेताच्या टोकाला मातीचं उंच टेकाड होतं. त्याच्या पुढ्यात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याच्या पोटावर चुन्याचा ठिपका. रविवारी सकाळी एक बार. फार तर दुसरा. कारण प्रत्येक बारानंतर नळी कढत पाण्यानं धुवायची, वाळवायची, तेल लावायचं. आणि मग पुढच्या रविवारी काय बदलायचं त्यावर आठवडाभर विचार.

कारण त्यांचा एक नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर चिंधी तीच. चिंधी लुगड्याची सोडून धोतराची घेतली तर तेल तेच. खोबरेलाच्या जागी मेण आलं तर बाकी सगळं जिथल्या तिथं. "दोन गोष्टी येकदम बदलल्या तं गुण कुणाचा नि दोष कुणाचा, कसं कळंल?" असं ते विचारत. म्हणून पावसाळा वगळता एक हंगाम फक्त चिंधीत जाई.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण हा नियम त्यांनी अख्ख्या संसाराला लावला. घराची कौलं परतली त्या वर्षी भाताचं बियाणं बदलू दिलं नाही. सासूबाईंनी एकदा एकाच दिवशी नवं मीठ आणि नवा मसाला वापरला. कालवण उत्तम झालं. हा माणूस ताटावर बसून हळहळला, "आता कशानं चांगलं झालं, ते कळायचं कसं?" सासूबाईंनी ताट पुढ्यातून उचललं आणि परत ठेवलं. लग्न झाल्यापासून त्या हेच करत आल्या होत्या.

डुकरांचं विचाराल तर त्यांची शांतपणे चैन चाललेली होती. शेजारचे लोक दिवाळीत जास्तीचे सुतळी बॉम्ब आणून ठेवत आणि डुकरांची चाहूल लागली की एक पेटवून टाकत. डुकरं पळत. सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. डुक्कर मारायचं नाही, मारायची परवानगीही नाही, त्याच्या नाकासमोरचा दगड उडवायचा, म्हणजे ते जन्मभर त्या शेताकडं फिरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता नाकासमोरचा दगड उडवायचा तर गोळी बरोबर तिथंच लागायला हवी, आणि त्यासाठी माप लागायला हवं. तोवर शेजारच्या शेतातून हुसकलेली डुकरं यांच्या शेतात येऊन निवांत जेवून जात.

"माप लागलं ना," ते म्हणत, "का नळीच्या तोंडात शेंडीचा बोळा मारीन नि खुंटीला टांगीन. मंग हात लावणार नाय." सासूबाई त्या बोळ्याची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या.

या घरातल्या मुलीशी मला लग्न करायचं होतं. मी मुरबाडला बियाणं-खतांच्या दुकानात कामाला. आटगावहून शहापूरमार्गे रोज मोटारसायकल. नंदा आमच्या दुकानाशेजारच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या गाळ्यात बसायची. आमचं कसं जमलं हा विषय वेगळा. तो मी सांगणार नाही, कारण ती हे वाचणार आहे.

पहिली अडचण आमच्याच घरात निघाली. आईनं ओळखीच्या बाईकडून चौकशी केली, तर निरोप आला, माणसं सरळ आहेत, पण मुलीच्या बापाचा सगळा रविवार दारूत जातो.

"आई, ती दारू वेगळी," मी म्हटलं.

"वेगळी म्हणजे? मोहाची?"

मी समजावून सांगितलं, माप नंदा भरते हेसुद्धा. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे मुलगीच माप भरून देते? अरे देवा." मग मी बंदूक, नळी, शेंडी हे कागदावर काढून दाखवलं. तिनं कागद उलटा धरून पाहिला आणि मामांना पाठवायचं ठरवलं.

मामा शहापूरचे. सोयरिका जमवण्यात हात धरणारा कोणी नाही अशी त्यांची ख्याती, निदान त्यांच्या मते. आम्ही दोघं गेलो. ओसरीवर बसलो. सासरे समोर. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर बंदूक. मामांनी पान जुळवलं आणि नेहमीच्या सफाईनं विषयाला हात घातला.

"मग पाव्हणं, यंदा बार उडवून टाकू."

आता आपल्याकडे बार उडवणं म्हणजे लग्न लावून देणं, हे शेंबड्या पोराला कळतं. पण या माणसाच्या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. त्यांचा चेहरा एकदम खुलला. इतक्या लांबून कोणी हा प्रश्न विचारायला येईल असं त्यांना वाटलं नसावं.

"माझी पण तीच विच्छा हाय," ते म्हणाले. "पण घालायचं किती, तेच ठरत नाय."

मामांना वाटलं सोन्याचं चाललंय. ते मोठ्या मनानं म्हणाले, "आमचं मागणं काही नाय. तुमच्या ऐपतीपरमानं घाला."

"माझी ऐपत नाय बघायची. हिची बघायची," असं म्हणून त्यांनी मागं न बघताच भिंतीकडं हात केला. नेमकी त्याच वेळी नंदा चहा घेऊन त्या भिंतीपाशी उभी. "अंगानं बारीक हाय. जास्त घातलं तं सोसायचं नाय. मागं येकदा जास्त घातलं, तं अशी लाथ मारली का मी आठ दिवस खांदा धरून बसलो."

मामांनी नंदाकडं पाहिलं. नंदानं माझ्याकडं पाहिलं. मी कपाकडं पाहिलं. खरं तर तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं, पण मला हसू फुटत होतं, आणि ते दाबण्यात बोलायची वेळ निघून गेली.

"बरं," मामा सावध होत म्हणाले, "नारळ आन् मुलगी द्या. आमाला कापडचोपड काय नको."

"नारळाची नुसती शेंडी पुरते," सासरे उत्साहात पुढं सरकले. "कापड मागनं. आधी शेंडी लावायची. मी कायम शेंडीच लावतो. आजपावतर बंदूक बघायला किती आले, सगळ्यांना सांगितलं, शेंडी लावल्याबिगर काम होत नाय."

मामा उठले. चहा तसाच ठेवून त्यांनी चपला घातल्या. सबंध वाटेनं ते एकच वाक्य म्हणत होते, "शहापुरात मला आजवर कोणी शेंडी लावली नाय. आन् हा तोंडावर सांगतो!" मी बंदुकीचा खुलासा केला, तर ते माझ्यावरच उखडले, की मुलीच्या बापाची बाजू आत्तापासून घेऊ नको. जीपमध्ये बसलेल्या लोकांनीही त्यांचंच बरोबर ठरवलं.

शेवटी मीच एकटा गेलो आणि कसलाही आडपडदा न ठेवता विचारलं, "काका, मला नंदाशी लग्न करायचंय. तुमचं काय म्हणणं आहे?"

त्यांनी मला नीट बसवून घेतलं. रागावले नाहीत. उलट समजूत घातली. "हे बघ आटगाव," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पहिल्या भेटीत गाव विचारलं, तेच नाव पडलं. "तू पोरगा बरा हायस. पण दारू कोण भरतं? नंदा. माझा हात आता हालतो. ती बोटानं माप कसं सपाट कापते, बघितलंस? येक कण इकडं-तिकडं नाय. ती गेली तं हात बदलला. हात बदलला तं इतक्या वर्षांची सगळी मापं पाण्यात. माप लागू दे. मंग लगेच ने."

"आणि माप कधी लागणार?"

"लागलं का कळंल."

रागानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. नंदाचं वय वाढत होतं, गावात बोललं जात होतं, आमच्या घरी आई रोज नवीन स्थळाचं नाव काढत होती, आणि आमचं सगळं आयुष्य बांबूच्या एका पेरात अडकलं होतं. तरी मी दर रविवारी जाऊ लागलो. निदान शोधाला वेग येईल, असं मला वाटत होतं. वेग येण्याचं नाव नाही. मधे निवडणूक लागली, तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. परत आली तेव्हा या माणसानं सगळं पहिल्यापासून सुरू केलं, कारण काय, तर इतके दिवस तिला दुसऱ्या जागेची हवा लागली होती.

आणि त्या सगळ्या रविवारांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्यांना डबा दिसत नव्हता. म्हणजे काहीतरी चकाकतंय एवढं दिसत असावं, त्या चकाकीवर ते नेम धरत. पण बार निघाल्यावर ते गोळीच्या दिशेनं न बघता नंदाच्या आवाजाकडं कान लावत.

"कुठं गो?"

ती धावत जाऊन बघायची आणि तिथनं ओरडायची, "चार बोटं उजवीकडं, बाबा!" मग ते सावकाश चालत जायचे, पत्र्यावर बोटं फिरवून भोक शोधायचे, चाचपायचे आणि परत येऊन विचारात पडायचे. जुनी भोकं डांबरानं बुजवलेली असायची, तीही त्यांना बोटानं ओळखू यायची. मोतीबिंदू काढून घ्या म्हणून घरचे मागं लागले होते. ते म्हणत, "डोळ्याला काय झालंय? ऊन येतं डोळ्यावर." कुंद ढगाळ दिवशीही ऊन यायचं. फारच कोणी ताणून धरलं तर म्हणत, "बरं, काढू. पण हे चिंधीचं येकदा होऊ दे. दोन गोष्टी येकदम नाय बदलायच्या."

मी नंदाला बाजूला घेतलं. म्हटलं, "एकदा सांग ना 'मधोमध'. एकदा. त्यांना काही दिसत नाही."

"बोटं लावून बघतील."

"मग तू आधीच खिळ्यानं भोक पाड."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच ओशाळलो. "आणि माप चुकीचं असलं तर? ते त्या चुकीच्या मापावर थांबतील. त्यांना वाटेल लागलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिलाही लग्न करायचंच होतं. पण बापाला चुकीचं माप देऊन नव्हतं करायचं. लेक बापावर गेलेली असते म्हणतात. मला ते त्या दिवशी पुरतं पटलं आणि आपण कुठल्या घरात पडतोय याची धास्तीही वाटली.

मग तो रविवार आला. नंदानं दारू भरली, शेंडी दिली, चिंधी दिली. बार निघाला. धूर झाला. ती निघणार तेवढ्यात सासरे म्हणाले, "तू ऱ्हा. आटगाव, आज तू जाऊन बघ."

मी गेलो. डब्याला काहीही झालेलं नव्हतं. डब्याच्या डावीकडं लांब, टेकाडाच्या मातीत गोळी घुसलेली होती. मी त्या भोकाकडं बघत उभा राहिलो आणि दोन पावसाळ्यांचा सगळा संताप एकदम माझ्या डोक्यात चढला.

"कुठं रे?" तिकडून आवाज आला.

"कुठं म्हणजे? डब्याला लागलीच नाही!" मी तिथनं बोंबललो. "चांगली चार हात डावीकडं गेलीय! आणि खाली! मातीत! काका, ते माप गेलं खड्ड्यात, तुम्हाला डबा तरी दिसतो का? डोळ्यांनी दिसत नसेल तर देवानं स्वतः खाली येऊन माप भरलं तरी ही गोळी कुठं लागायची नाही!"

टेकाडावर आपटून माझा आवाज परत आला. शेजारच्या शेतात भारे बांधणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बघत राहिल्या. नंदा जागच्या जागी थिजली होती. संपलं, मी मनात म्हटलं. आपल्या तोंडानं आपण आपलं लग्न मोडलं.

सासरे काठी टेकत चालत आले. "डावीकडं म्हणालास?"

"डावीकडं."

"नि खाली?"

"खाली."

त्यांनी वाकून माती चाचपली, भोक सापडलं, बोट घालून चेपलेली गोळी उकरून काढली आणि तळहातावर घेऊन जोखली. मग डब्यापासून त्या भोकापर्यंत हातानं अंतर मोजलं. तोंडावर राग नव्हता. उलट बरं वाटल्यासारखं दिसत होतं, आणि त्यानं मी आणखीच चिडलो.

"नंदा," ते ओरडून म्हणाले, "पयले दोघं काय म्हणाले होते गो?"

मला तेव्हा कळलं, की माझ्याआधी तिला बघायला आलेल्या दोन मुलांनाही इथं डबा बघायला पाठवलं होतं. नंदा खाली मान घालून म्हणाली, "मधोमध लागली म्हणाले."

"येक तं टाळ्या पण वाजवत होता," सासरे मला म्हणाले. मग जरा वेळ गोळी बोटांत फिरवत उभे राहिले. "आटगाव, यंदा असं करू. दारू तीच, गोळी तीच, चिंधी तीच, शेंडी तीच. फक्त हात बदलून बघू."

मला काही उमगलं नाही. नंदाला उमगलं. तिनं हातातली दारूची डबी उघडीच ठेवली आणि तोंड झाकून घराकडं पळाली. त्या घरात ती डबी उघडी राहिलेली मी तेवढी एकदाच पाहिली. माझ्या लक्षात आलं तेव्हा मला हसावं की रडावं ते समजेना. मी दोन्ही केलं.

लग्न झालं. मामा आले, लांब बसले. आणि इतकं होऊनही सासऱ्यांनी मांडवात व्हायचा तो घोटाळा केलाच. मानाचे नारळ वाटले ते सगळे बिनशेंडीचे. एक एक करून सगळ्यांच्या शेंड्या त्यांनी आदल्या दिवशी बंदुकीसाठी काढून घेतल्या होत्या. मामांनी आपला तुळतुळीत नारळ हातात फिरवून पाहिला आणि मला म्हणाले, "बघ. बोलला होता ना, शेंडी पुरते म्हणून. ठेवून घेतली." ते आमच्याकडं जेवायला पुढं कधी आले नाहीत.

आणि 'हात बदलू' म्हणजे काय, तेही मला लग्नानंतर कळलं. माझी समजूत अशी, की आता सासूबाई दारू भरतील किंवा हे वेड संपेल. छे! बदललेला हात माझा होता. पुढची कितीतरी वर्षं माझे रविवार त्या शेतात गेले. माझी सगळी सुट्टी बांबूच्या मापात दारू कापण्यात. नंदा आईशी गप्पा मारत ओटीवर, आणि मी उन्हात. "जरा सपाट काप आटगाव, डोंगर करू नको," असं ऐकत. बार निघाला की मीच धावायचं, मीच ओरडायचं. वाईट लागली की वाईट सांगायची. गोड बोलायची सोयच नव्हती. याच एका गुणावर मला बायको मिळाली होती.

मोतीबिंदू त्यांनी काढला तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, मागचा पडदाच गेलाय. घरी येऊन हे म्हणाले, "ऊन जरा जास्तच येतं आता." पुढं परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. वय आणि नजर. बंदूक मुरबाडच्या ठाण्यात कायमची जमा करायचा कागद आला. डबीच्या तळाशी एका बाराची दारू होती.

सोमवारी बंदूक द्यायची होती. रविवारी आम्ही शेवटचे शेतात गेलो. सासूबाईंनी नवा डबा दिला, सगळीकडून अभंग. चुन्याचा ठिपका नंदानं लावला. कोणतं माप, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "जेवढी असंल तेवढी ओत. आता मापाचं काय." या माणसाच्या तोंडी हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी डबी नळीत झटकली. शेंडी, चिंधी, गोळी. मी त्यांचे खांदे धरून चकाकीच्या दिशेला वळवले. त्यांनी खूप वेळ नेम धरला.

बार निघाला. मी धावलो.

गोळी ठिपक्याच्या बरोबर मधून गेली होती. पुढून आत, मागून बाहेर.

"कुठं रे?"

मी डबा उचलला, तो घेऊन पळत आलो आणि त्यांचं बोट धरून भोकात घातलं. "मधोमध, बाबा."

त्यांनी बोट काढलं नाही. दुसऱ्या हातानं कडेपासून वीत टाकली. डावीकडनं, उजवीकडनं, वरनं, खालनं. मग पुन्हा डावीकडनं. नंदा रडत होती, सासूबाई पदरात तोंड घालून उभ्या होत्या, आणि मी वाट बघत होतो, आता तरी हा माणूस 'लागली' म्हणेल.

"दुसरी भर," ते म्हणाले.

"दारू संपली."

"येकावर काय ठरतं?" ते वैतागून म्हणाले. "योगायोग असंल. नि तू मोजून पण ओतली नाय."

खरंच सांगतो, तो डबा त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या हवालदारानं बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि लिहिता लिहिता विचारलं, "चालू आहे का?" सासरे म्हणाले, "चालू हाय. माप लागायचंय अजून." बंदुकीच्या तोंडाला त्यांनी काहीही लावलेलं नव्हतं. येताना जीपमध्ये ते बाहेर तोंड करून बसले होते.

त्या वर्षीचं भात झोडून झाल्यावर त्यांनी नवे तांदूळ पाठवले. गावातला एक जण आटगावला यायचा होता, त्याच्याबरोबर. दारात डबा उतरवला आणि मी ओळखला. चुना धुऊन काढलेला होता. मधोमध जे भोक होतं, त्यात नारळाच्या शेंडीचा बोळा घट्ट ठासून बसवलेला. मागच्या भोकातही तसाच. एवढ्या रस्त्यानं येऊन तांदळाचा एक दाणा सांडलेला नव्हता. नंदा त्या बोळ्यावर हात ठेवून उंबऱ्यातच बसली.

मी फोन लावला. "बाबा, डब्याला शेंडी लावलीत तुम्ही."

"मंग? भोक होतं ना. तांदूळ सांडले नसते?"

"बाबा, म्हणा ना एकदा, लागली म्हणून!"

पलीकडं भांडी वाजली. मला वाटलं फोन सासूबाईंकडं दिला. मग हळूच आवाज आला, "आटगाव, बोटभर डावीकडं नव्हती ना रे?"

"नव्हती!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारी बाहेर आले. "मधोमध होती! मधोमध!"

"वरडू नको," सासरे म्हणाले. "दिसत नाय मला. ऐकू येतं."